सभाधीटपणा आणि वाळ्याचा एक थेंब

ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी २००९ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला अंगावर मारायचा नेहमीचा सुगंधी स्प्रे दिला. दुसऱ्यालाही तसाच दिसणारा स्प्रे दिला, पण त्यातला सुगंध आणि जंतुनाशक दोन्ही काढून टाकलेलं होतं. काही दिवसांनी सुगंधाच्या गटातल्या मुलांचा स्वतःवरचा भरवसा दुसऱ्या गटापेक्षा जास्त निघाला. इथपर्यंत नवल नाही. मग या मुलांचे व्हिडिओ आवाज बंद करून काही स्त्रियांना दाखवले. पडद्यातून वास येत नाही, तरी सुगंध लावणारी मुलं त्यांना जास्त आकर्षक वाटली. नुसते फोटो दाखवले तेव्हा मात्र हा फरक उरला नाही. म्हणजे चेहरे होते तसेच होते, बदलला होता तो वावर.

सुगंध आणि आत्मविश्वास या विषयावर जे काही खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं या एका प्रयोगात आहे. वासाने समोरच्यावर जादू केली नाही. वास ज्याच्या अंगावर होता त्याच्या खांद्यांवर, मानेवर, हातवाऱ्यांवर परिणाम झाला आणि समोरच्याला दिसला तो तेवढाच. म्हणून ‘आत्मविश्वास वाढवणारं तेल’ असं लेबल वाचलं की माझी पहिली प्रतिक्रिया अशी असते: तेल कुठलंही असेल, पण ते हुंगणाऱ्या नाकाला आधी काय शिकवलंय?

अरोमाथेरपीच्या, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार करण्याच्या पद्धतीच्या, पुस्तकांत आणि दुकानांत एक तक्ता हमखास असतो. लॅव्हेंडर म्हणजे शांतता, बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) म्हणजे उत्साह, रोजमेरी म्हणजे एकाग्रता, जाई म्हणजे आत्मविश्वास. अरोमाथेरपी हे नाव रूढ करणारा फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गाटफोसे याला असल्या तक्त्यांत फारसा रस नव्हता. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले, जखमा चिघळल्या आणि त्या त्याने लॅव्हेंडरच्या तेलाने धुतल्या. त्याचं पुस्तक १९३७ मध्ये आलं. त्याचं लक्ष जखमा, जंतू आणि औषधोपचार यांवर होतं. एकेका भावनेला एकेक बाटली वाटून देण्याचं काम नंतरच्या बाजाराने केलं.

तक्ता पूर्ण खोटा आहे असं नाही. पण तो कोणाच्या तरी नाकासाठी लिहिलेला आहे, आणि ते नाक बहुधा तुमचं नाही.

नाकाचं काम कसं चालतं ते थोडक्यात पाहू. वासाचे रेणू नाकाच्या छतावरच्या ओलसर पापुद्र्यापर्यंत पोचतात. तिथे माणसाकडे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे वास टिपणारे रिसेप्टर, असतात. या ग्राहकांचा जनुकीय शोध रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये मांडला आणि त्यासाठी २००४ चं नोबेल मिळवलं. डोळे-कानांचे निरोप आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या थांब्यावर जातात. वासाचे निरोप मात्र घ्राणकंदातून जवळजवळ थेट भीती-आनंदाशी संबंधित अमिग्डालापर्यंत आणि आठवणींशी संबंधित भागांपर्यंत पोचतात. त्यामुळे वासाला नाव देण्याआधीच मन खट्टू किंवा खूश झालेलं असतं. पण कशाने खट्टू व्हायचं आणि कशाने खूश, हे आपण जन्मतः फारसं घेऊन येत नाही.

विंटरग्रीन या वनस्पतीच्या वासाचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. अमेरिकेत या वासाच्या गोळ्या-च्युइंगगम असतात, त्यामुळे तिथल्या लोकांना तो आवडतो. ब्रिटनमध्ये तो औषधी मलमांतून भेटला, त्यामुळे जुन्या पाहण्यांत तिथल्या लोकांनी तो नावडता ठरवला. आपल्याकडे तो दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमात असतो. कोणी कितीही ‘चैतन्यदायी’ म्हणून विकला तरी मराठी नाकाला त्यात आजोबांची खोली आणि क्रिकेटमध्ये मुरगळलेला पाय यांचीच आठवण येणार. निलगिरीचंही तसंच. तक्त्यात ती ‘मन मोकळं करणारी’ आहे, आपल्या घरात ती चोंदलेलं नाक आणि रुमालावरचे दोन थेंब आहे. लवंगेचं तेल म्हटलं की दाढ ठणकते. कापूर एकाला आरती वाटतो, दुसऱ्याला घरातून निघालेली अंत्ययात्रा. लॅव्हेंडर तर आपल्याकडे फुलाआधी रूम फ्रेशनरमधून आणि फरशीच्या लिक्विडमधून आलं. मॉलच्या स्वच्छतागृहात पहिल्यांदा भेटलेला वास मुलाखतीच्या दिवशी धीर देईलच असं नाही. उलट गवती चहा, जो बाहेरच्या पुस्तकांत ‘उत्तेजक’ म्हणून येतो, तो आपल्यातल्या कित्येकांना पावसाळ्यातली घरची सकाळ वाटतो आणि मन निवतं.

रेचल हर्झ या संशोधिकेने नाकावरचा हा पगडा प्रयोगशाळेत दाखवला. एकच मिश्रण, एकदा ‘पार्मेझान चीज’ म्हणून हुंगायला दिलं आणि एकदा ‘ओकारी’ म्हणून. त्याच नाकांनी एकदा ते आवडीने हुंगलं, एकदा तोंड फिरवलं. पण आपल्या कामाचा प्रयोग दुसरा आहे. १९९९ साली तिने आणि तिच्या सहकारी संशोधिकेने लहान मुलांना न सुटणारं एक कोडं सोडवायला बसवलं. खोलीत एक विशिष्ट वास सोडलेला होता. मुलं हरली, हिरमुसली. नंतर त्यांना सोपं काम दिलं. ज्या मुलांना ते काम करताना पुन्हा तोच वास आला, त्यांचं काम इतरांपेक्षा निकृष्ट झालं. हरल्याचा वास त्यांना चिकटला होता.

अरोमाथेरपी करणारे इथेच सर्रास चुकतात. मुलाखतीच्या दारात, पोटात गोळा आलेला, तळहात घामेजलेले, आणि तेव्हा पहिल्यांदा बाटली उघडायची. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. असं चार-पाचदा झालं की नाक पक्कं शिकतं: हा वास म्हणजे घाबरण्याची वेळ. मग ‘तेल चांगल्या कंपनीचं नव्हतं’ म्हणून दुसरी, जास्त महागाची बाटली येते.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. वास आधी चांगल्या वेळी शिकवायचा आणि कठीण वेळी वापरायचा. त्यासाठी वास निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. तो आवडला पाहिजे. त्याला जुनी वाईट आठवण चिकटलेली नको. आणि तो रोजच्या घरात सतत येणारा नको, नाहीतर त्याला नवं काही शिकवताच येत नाही. ज्या घरात रोज चंदनाची उदबत्ती जळते त्या घरातल्या माणसाने चंदन निवडू नये. त्याच्या नाकाला चंदन म्हणजे सकाळचे साडेसात, यापलीकडे काही नाही.

आपल्या मातीतल्या वासांत वाळा मला या कामासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. उन्हाळ्यात माठात टाकलेली वाळ्याची जुडी, विदर्भातल्या खिडक्यांवरचे ओले पडदे, कूलरच्या जाळ्या: ज्यांना वाळा माहीत आहे त्यांना तो गारव्याशी जोडलेला माहीत असतो. घामाघूम अवस्थेत हे जोडलेलं असणं फुकटचं भांडवल आहे. तेल निघतं मुळांपासून. मुळं धुऊन, कापून, भिजवून तासन्‌तास वाफेवर ठेवावी लागतात, कारण त्यांतले रेणू जड आणि हट्टी असतात. उत्तर भारतात तांब्याच्या देगेत काढलेलं वाळ्याचं तेल, ‘रूह खस’, हिरवट दिसतं. तो हिरवा रंग तांब्याचा असतो. बाकी तेल मधाच्या रंगाचं, तपकिरी. बाटली उलटी केली तर थेंब लगेच पडत नाही. झाकणातल्या प्लास्टिकच्या बुडाशी तो फुगतो, लोंबतो, आपण बाटली झटकणार इतक्यात दोन एकदम पडतात. थंडीत तर हा तमाशा आणखी लांबतो. म्हणून वाळ्याचे थेंब मोजण्यापेक्षा लाकडी टूथपिकचं टोक बुडवून घ्यावं, नाहीतर सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा वापरावा. ऑनलाइन तो काही शे रुपयांत मिळतो.

वाळा एकटा मात्र जरा मातकट आणि गंभीर. त्याच्या जोडीला वर उडणारं काही लागतं. संत्र्याच्या सालीचं तेल किंवा बर्गमॉट वर, मध्ये लॅव्हेंडर किंवा जिरेनियम, तळाला वाळा, अशी बांधणी चांगली बसते. लॅव्हेंडर घ्यायचं तर ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’ असं लिहिलेलं पाहावं. जम्मूतल्या भदरवाह भागात आता चांगलं लॅव्हेंडर पिकतं. स्वस्तात मिळणारं ‘लॅव्हेंडिन’ ही संकरित जात आहे. त्यात कापराचा अंश जास्त, त्यामुळे वास टोचरा. दवणाही सुंदर. पण चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्यांच्या नाकात तो गुलालासकट बसलेला असतो. तुमच्यासाठी ते चांगलं की अडचणीचं हे तुम्हीच ठरवा.

लॅव्हेंडरबद्दल एक सावधगिरी. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या मार्क मॉस यांच्या गटाने २००३ साली १४४ जणांवर केलेल्या चाचणीत लॅव्हेंडरच्या खोलीत बसलेल्यांची तात्पुरती स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावलेला आढळला. रोजमेरीच्या खोलीतल्यांचं स्मरण सुधारलं, पण आठवायला वेळ जास्त लागला. म्हणजे भाषणाआधी लॅव्हेंडर ठीक, पण गणिताच्या पेपराआधी नुसतं लॅव्हेंडर हुंगत बसू नये.

आता खरेदी. इथे फसवणूक इतकी सरसकट आहे की थोडं खडूस व्हावंच लागतं. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग (मूळ, पान, साल), देश आणि बॅच क्रमांक हवा. मागितल्यावर त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते घटक किती, हे सांगणारी प्रयोगशाळेची तपासणी) देणारा विक्रेता त्यातल्या त्यात बरा. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ हे कृत्रिम सुगंधाचं मिश्रण असतं. मेणबत्तीला ठीक, त्वचेला नाही. मोगऱ्याचं शुद्ध ‘इसेन्शियल ऑइल’ (वनस्पतीतूनच काढलेलं सुगंधी तेल) अडीचशे रुपयांत १५ मिली मिळत असेल तर ते मोगऱ्याचं नाही. मोगऱ्याचं फूल वाफेला नीट उतरत नाही, द्रावकाने त्याचं ‘ॲब्सोल्यूट’ काढतात आणि ते बरंच महाग असतं. गुलाबाच्या एक किलो तेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, यावरून भावाचा अंदाज घ्यावा. चंदनाच्या बाबतीत तर बोलायलाच नको.

घरची एक चाचणी आहे. कोऱ्या कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवायचा. तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलेलं आहे. पण वाळा, चंदन, पाच (पॅचौली) यांसारखी जड तेलं शुद्ध असूनही डाग सोडतात. शिवाय उडून जाणाऱ्या द्रावकाची भेसळ या चाचणीत पकडली जात नाही. म्हणजे ती नापास करू शकते, पास करू शकत नाही. मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिळणारी अत्तरं हा वेगळा प्रकार. कनौजच्या देग-भपक्याच्या पद्धतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. आज त्या चंदनाच्या जागी पुष्कळदा लिक्विड पॅराफिन किंवा कृत्रिम द्रावक असतो. हुंगायला छान असतं, फक्त त्याला इसेन्शियल ऑइल समजून हिशेब करू नये.

हिशेबाकडेच येऊ, कारण त्वचेवर लावायचं तर तो चुकवून चालत नाही. पातळ तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. मोठ्या माणसाच्या मनगटावर लावायच्या मिश्रणात २ टक्के पुरे. म्हणजे १० मिलीच्या रोल-ऑनमध्ये एकूण ०.२ मिली, म्हणजे फक्त ४ थेंब. लोकांचा यावर विश्वास बसत नाही आणि ते २० टाकतात. ते १० टक्के झालं.

आता बर्गमॉट. सालीतून दाबून काढलेल्या साध्या बर्गमॉटमध्ये बर्गॅप्टेन नावाचा पदार्थ असतो. तो त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. त्यामुळे लावून ठेवायच्या मिश्रणात त्याची मर्यादा ०.४ टक्के धरतात. १० मिलीत एक थेंब म्हणजे ०.५ टक्के. अर्थात १० मिलीच्या बाटलीत साध्या बर्गमॉटचा एक थेंबसुद्धा जास्त होतो. मे महिन्याच्या उन्हात स्टेशनवरून चालत मुलाखतीला जाणाऱ्याने हे विसरू नये. ‘एफसीएफ’ लिहिलेलं बर्गमॉट घ्यावं, ज्यातून तो पदार्थ काढलेला असतो, किंवा सरळ गोड संत्र्याचं तेल घ्यावं, त्याला हा दोष नाही. गवती चहाच्या तेलात सिट्रल भरपूर, ते त्वचेला चटकन बिथरवतं. त्याची मर्यादा ०.७ टक्के, म्हणजे १० मिलीत एकच थेंब.

तर रोल-ऑन असं: १० मिलीची गडद तपकिरी काचेची बाटली, स्टीलची गोळी असलेली. आधी सुगंधी तेलं टाकायची: लॅव्हेंडर २ थेंब, गोड संत्रं १, वाळा १. मग बाटलीच्या खांद्यापर्यंत कॅरियर तेल, म्हणजे सुगंधी तेल पातळ करायचं साधं तेल. काठोकाठ भरलं तर गोळी बसवताना तेल बाहेर उसळतं. गोळी दाबून बसवायची, बाटली तळहातांत फिरवायची, दोन दिवस तशीच ठेवायची, वास एकजीव होतात. कॅरियर म्हणून खोबरेल घेऊ नका. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, आणि डिसेंबरात पुण्यात सकाळी आठच्या मुलाखतीला रोल-ऑनमधून काहीच येत नाही. जोजोबा उत्तम, तो सहसा खवट होत नाही. बदाम तेल चालेल. घाण्याचं तिळाचं तेल गुणाचं असलं तरी त्याचा स्वतःचा वास मध्ये येतो. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ ते ४८ तास पाहा. खाज, लाली आली तर ते मिश्रण तुमच्यासाठी नाही. चुरचुरलं तर आधी साध्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. नुसतं पाणी ओतून सुगंधी तेल निघत नाही. आणि ‘सवय होईल’ म्हणून लावत राहू नका. एकदा ॲलर्जी झाली की ती बहुधा जन्माची.

माझं मत विचाराल तर या कामासाठी रोल-ऑनपेक्षा हुंगायची कांडी बरी. सर्दीसाठी मिळते तशीच, पण रिकामी. आत कापसाची वात, खाली बूच, वर झाकण. त्वचेचा प्रश्न नाही, शेजारच्याला त्रास नाही, आणि वास पाहिजे तेव्हाच येतो. काचेच्या छोट्या वाटीत बर्गमॉट ५ थेंब (इथे साधंही चालतं), लॅव्हेंडर ५, रोजमेरी ३, वाळा २ असं मिसळायचं. वाळा आधी पातळ तेलांत नीट विरघळला पाहिजे. थेट वातीवर टाकला तर एका टोकाला चिकटून बसतो आणि मग महिनाभर नुसता वाळाच. वात चिमट्याने वाटीत लोळवायची, सगळं शोषून घेतलं की कांडीत सरकवायची, बूच ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायचं, वर तारीख चिकटवायची. १५ थेंबांहून जास्त टाकलं तर तेल खाली साचतं आणि कांडी उलटी झाली की नाकपुडीत उतरतं. तो जाळ एकदा झाला की त्या वासाला शिकवलेलं सगळं धुऊन जातं. कांडी नाकात खुपसायची नाही, बोटभर अंतरावर धरायची.

पेपरमिंट घालायचा मोह होतो, कारण नाक एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. वाटतं तेवढंच. मेंथॉल गारव्याची जाणीव देणारे ग्राहक चेतवतं, नळी खरोखर रुंदावत नाही. तरी ज्याला घाबरल्यावर श्वास कोंडल्यासारखं होतं त्याला ही जाणीवसुद्धा उपयोगी पडते. एक थेंब पुरे, नाहीतर बाकी सगळे वास त्याखाली गडप होतात.

आता शिकवणी. साधारण दोन-तीन आठवडे धरावेत. जे काम कठीण वाटतं त्याचा सराव रोज करायचा: भाषण मोठ्याने म्हणणं, प्रश्नोत्तरं, गाण्याची बैठक, काय असेल ते. सराव चांगला झाला, अंगात ऊब आली, ‘जमलं’ असं वाटलं की त्याच क्षणी कांडी काढायची. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, असे तीन श्वास. झाकण बंद. सराव फसला त्या दिवशी कांडी उघडायची नाही. हा नियम पाळायला सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा. हाच वास डिफ्यूझरमध्ये (खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रात), उशीवर, गाडीत वापरायचा नाही. जो वास चोवीस तास आहे त्याला अर्थ उरत नाही.

यात वासाचं श्रेय किती आणि श्वासाचं किती, असा प्रश्न कोणी विचारेल. बरोबर विचारेल. लांब उच्छ्वासाने नाडी थोडी उतरते हे वासाशिवायही होतं. पण घाबरलेल्या माणसाला ‘दीर्घ श्वास घे’ म्हणून सांगा, तो घेत नाही. हातात कांडी द्या, तो आपोआप घेतो.

प्रत्यक्ष दिवशी आत जाण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, अजून हातपाय गार पडलेले नसताना, ते तीन श्वास घ्यायचे. हवं तर पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. वास फिका वाटला म्हणून हुंगत बसायचं नाही. नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं, वास गेलेला नसतो. अत्तरवाले नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यापेक्षा मोकळी हवा किंवा स्वतःच्या कोपराचा वास बरा. याच सरावण्यामुळे माणूस अंगावर ओततो आणि त्याला स्वतःला काही कळत नाही. आपल्याकडे कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया ठेवायची पद्धत होती. ती शहाणपणाची आहे, मान हलली तेवढा वास येतो, सतत नाकाखाली राहत नाही. मुलाखत घेणाऱ्या पाच जणांत एखाद्याला अर्धशिशी असते, एखाद्याला दमा. बंद एसी खोलीत तुमचा आत्मविश्वास त्यांच्या कपाळावर आठ्या आणू शकतो. दवाखान्यात, बसमध्ये, वर्गातही तेच.

आणि काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. सुगंधी तेल पोटात घ्यायचं नाही, पाण्यात थेंबभरसुद्धा नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, थेंब जिथे लागेल तिथे पोळतो. आंघोळीच्या बादलीतही तोच प्रकार. जर्मनीत लॅव्हेंडरच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेवर दिली जाते आणि तिच्यावर बऱ्यापैकी चाचण्या झालेल्या आहेत. पण ते ठरलेल्या प्रतीचं, मोजून भरलेलं औषध आहे. त्या चाचण्यांच्या जिवावर डिफ्यूझर विकणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत. निलगिरी आणि कापूर यांच्यामुळे झटके येऊ शकतात, दक्षिण भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. फिट्सचा त्रास असेल तर वरच्या कांडीतली रोजमेरीही वगळा. दोन वर्षांखालच्या मुलांजवळ कापूर, निलगिरी, पेपरमिंट नकोत. गरोदरपणात आणि दम्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर जपून. मांजराच्या यकृताला हे पदार्थ निकामी करून बाहेर टाकणं नीट जमत नाही आणि टी ट्री या झाडाचं तेल तर त्यांना विषारीच. डिफ्यूझर लावायचाच तर १०० मिली पाण्यात ३ ते ५ थेंब, अर्धा तास चालू, मग तासभर बंद, खिडकी किलकिली. आणि ज्याला आठवडा-आठवडा झोप लागत नाही, चारचौघांत जायच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडतं, त्याने कांडीवर पैसे घालवण्याआधी समुपदेशकाची वेळ घ्यावी.

तेलं सांभाळायची ती गडद काचेत, घट्ट झाकणाने, उन्हापासून दूर. रबराच्या ड्रॉपरची बाटली नको, वाफेने रबर चिकट होऊन तेलात उतरतं. संत्रं-बर्गमॉट वर्षभरात संपवावं, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवावं. हवा लागून त्यांतला लिमोनीन हा घटक बिघडतो आणि बिघडलेलं तेल त्वचेला जास्त खाजवतं. वाळ्याला ही घाई नाही, तो उलट वर्षागणिक मवाळ होतो. कांडीचा वास दोन-तीन महिन्यांत उतरतो, तेव्हा वात बदलायची, पण तेच प्रमाण ठेवून.

राहता राहिलं, इतकं करूनही प्रसंग फसला तर? नाव विसरलं, ततपप झालं, उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी बाहेर येऊन कांडी हुंगू नका. आठवडाभर ती बंद ठेवा आणि मग सरावाच्या एखाद्या सोप्या, जमलेल्या दिवशी पुन्हा उघडा. ऊब परत जाणवली तर काही बिघडलेलं नाही, शिकवणी पुढे चालू. पण झाकण काढताक्षणी तो दिवसच आठवत असेल तर त्या मिश्रणाला रजा द्यावी आणि नवं करताना वरचं संत्रं-बर्गमॉट नव्हे, तळाचं तेल बदलावं. शेवटपर्यंत रेंगाळतं ते तेच, त्यामुळे नाक तेच ओळखतं. वाळ्याच्या जागी पॅचौली किंवा दवणा घालून पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात. जुनी वात कपड्यांच्या कपाटात टाका. कसर लागायची ती लागेलच, पण साड्यांना महिनाभर बरा वास येईल.